चिऊताई, दार उघड : काम देणाऱ्या सगळ्यांना एक खुलं पत्र

संपादक, प्रकाशक, एजन्सीवाले, स्टार्टअपवाले, नाटकाच्या ग्रुपचे मॅनेजर, गणपती मंडळांचे कार्यकर्ते आणि "अगं तुझ्या हातात कला आहे, दोन मिनिटांचं तर काम आहे" म्हणणारे समस्त काका, मावश्या आणि शाळेतले जुने मित्र यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की माझे पैसे तुमच्याकडे अडकलेत. सगळ्यांकडे नाही हो, काहींनी दिलेत, वेळेवर दिलेत, त्यांनी राग मानू नका, पुढे नाही वाचलंत तरी चालेल. बाकीच्यांनी मात्र वाचा आणि शेवटपर्यंत वाचा, तुमचे सोळा सोळा व्हॉइस मेसेज मी शेवटपर्यंत ऐकलेत.

ओळख सांगायची तर मी चित्रं काढते आणि अक्षरं काढते. मुलांच्या गोष्टींची पुस्तकं, मुखपृष्ठं, मसाल्याच्या पाकिटावरचं नाव, लग्नपत्रिका, एकदा तर पिठाच्या गिरणीची पाटी. चौदा वर्षं झाली. धायरीला राहते, टू बीएचकेमधल्या आतल्या खोलीत खिडकीशी टेबल आहे तेच ऑफिस, त्या टेबलाच्या अर्ध्या भागावर इस्त्रीला द्यायचे कपडे असतात. थोडक्यात काय तर तुमच्या फाइलमध्ये जिच्या नावापुढे 'व्हेंडर' असं लिहिलेलं असतं ती मी.

तर जुलैची २ तारीख. रात्रीचे साडेबारा, बाहेर रपरप पाऊस, घरातले सगळे झोपलेले आणि मी काऊ-चिऊच्या गोष्टीचं एक पान काढत बसले होते. गोष्ट तुम्हाला माहितीच आहे. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं, पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं आणि तो भिजत भिजत चिमणीच्या दाराशी येऊन म्हणतो, चिऊताई चिऊताई दार उघड. आतून चिऊताई म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. मग थांब, बाळाचं अंग पुसते. मग थांब, काजळ लावते, तीट लावते, झोपवते. मला काढायचा होता तो दाराबाहेरचा कावळा. अवघड काही नाही, कावळे मी शेकड्यांनी काढलेत, समोरच्या विजेच्या डीपीवर रोज सकाळी तीन बसलेले असतात. पण त्या रात्री कावळा काही येईना. पंख काढला की खोडावासा वाटे, चोच काढली की पोपटाची होई. आणि मग बघते तर कागदाच्या कडेला, कावळ्याच्या शेपटीखाली, माझा आपला हिशोब चाललेला. ३१,४०० वजा २६,१८०. उत्तर ५,२२०. तेच तीनदा केलेलं, जसं काही तिसऱ्यांदा उत्तर बदलणार होतं.

३१,४०० हा घराचा हप्ता, ५ तारखेला जातो. २६,१८० खात्यात होते. आणि तुमच्याकडून येणं होतं ७४,५००. त्यातले बावीस हजार एका संस्थेच्या कॅलेंडरच्या चित्रांचे, चाळीस हजार बाणेरच्या एका स्टार्टअपचे आणि साडेबारा हजार एका दिवाळी अंकाचे, तेही गेल्या दिवाळीचे. म्हणजे हिशोबाने मी गरीब नव्हतेच, दोन हप्ते जाऊन वर पैसे उरले असते. पण बँकेला येणं चालत नाही, आलेलं लागतं, आणि ५ तारखेला पैसे नसले की दंड आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग तो निराळाच.

आता घरातलं थोडं सांगते, म्हणजे सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही पण हे पत्र कुणीतरी त्यांना वाचून दाखवेलच. फेब्रुवारीत नवऱ्याची नोकरी गेली. हिंजवडीला सोळा वर्षं एकाच कंपनीत होता, एका बुधवारी अर्ध्या तासाची मीटिंग झाली आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप जमा. तीन महिन्यांचा पगार दिला त्यांनी, तो मेपर्यंत पुरला. वॉचमन विचारतात, साहेब हल्ली वर्क फ्रॉम होम का, आणि तो हो म्हणतो. लेकीला सांगितलंय, ती सातवीत आहे, तिने पहिल्यांदा काय विचारलं असेल तर आपण स्विगी बंद करणार का. केलं बंद. ओटीटीचंही एक सोडून सगळं बंद केलं, ते एक सासूबाईंच्या मालिकेसाठी ठेवलं.

आणि हे लिहायचं कारण असं की तुमच्यातल्या कितीतरी जणांनी मला आजवर हेच ऐकवलंय. तुम्हाला काय टेन्शन, मिस्टरांचा पगार आहे ना. एकांनी तर सरळ सांगितलं की दुसऱ्या आर्टिस्टचं घर त्याच्यावरच चालतं म्हणून त्याचे आधी दिले, तुम्ही समजून घ्याल. घेतलं समजून. चौदा वर्षं समजून घेतेय. जणू मी चित्रं काढते ती नवऱ्याच्या पगारावर टाकायची रांगोळी आहे, असली तर शोभा, नसली तर काही अडत नाही. आता पगार थांबला तर हे तुमच्यापैकी एकालाही सांगितलं नाही, कारण बिचारी म्हणाला असतात आणि बिचारीला लोक काम देत नाहीत, जुने कपडे देतात.

त्या रात्री मला जो प्रश्न पडला तो हा की कावळा का येत नाहीये. पैशाची काळजी हे उत्तर मलाही आधी सुचलं पण ते बरोबर नाही हो. कारण मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांत नोकरी गेलेलीच होती, काळजी होतीच, पण पैसे मेअखेरपर्यंत पुरणार हे माहीत होतं आणि त्या तीन महिन्यांत मी जेवढं काम केलं तेवढं गेल्या दोन वर्षांत केलं नव्हतं. बसमध्ये सुचायचं, डोशाचं पीठ ढवळताना सुचायचं, धायरीहून स्वारगेटला जाईपर्यंत तिकिटाच्या मागे दोन-तीन रफ तयार. (२०२५ च्या जूनपासून पीएमपीचा दिवसाचा पास चाळीसचा सत्तर झाला, त्यामुळे बसमध्ये सुचणंही महाग झालं, असो.) म्हणजे संकट आलं तरी चालतं, त्याची तारीख माहीत असली की माणूस कामाला लागतो. मला जे जमत नाही ते वाट बघणं. उद्या येतील का, सोमवारी येतील का, आज फोन केला तर चिडतील का, परवाच केला होता, मग मेसेज करू का. सुचायला डोकं रिकामं लागत नाही, भरलेलं चालतं, पण वाट बघणारं डोकं चालत नाही, ते सारखं उठून दाराशी जातं.

त्या मेसेजचंही सांगते तुम्हाला. "नमस्कार सर, बिलाचं सहज विचारत होते" ह्या एका ओळीला मला पाऊण तास लागतो. सर लिहू का दादा लिहू. सहज लिहिलं तर फारच सहज वाटतं, ते काढलं तर भांडण वाटतं. शेवटी स्माइली टाकायची का. टाकली तर वाटतं हिला काही घाई नाही, नाही टाकली तर तोंड फुगवल्यासारखं दिसतं. मग तुमचं उत्तर येतं, किंवा निळ्या टिक्स येतात. उत्तरं माझ्या तोंडपाठ आहेत. प्रोसेसमध्ये आहे. सर बाहेरगावी आहेत. अकाउंट्सचा मुलगा सोडून गेला. पोर्टल डाऊन आहे. मार्च एंड आहे. मार्च एंड जूनमध्येही असतो हे मला तुमच्यामुळे कळलं. आणि सगळ्यात लाडकं म्हणजे "तेवढी आठवण करत राहा हं". थांब, माझ्या बाळाला काजळ लावते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. कावळा बाहेर.

आता दिवाळी अंकांबद्दल. इथे मला हात जरा आखडता घ्यावा लागतो कारण मी वाढलेच दिवाळी अंकांवर, आईच्या वाचनालयातून घरी यायचे, जेवणाच्या टेबलावर भांडणं व्हायची. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, एवढी लांबलेली हौस दुसऱ्या कुठल्या भाषेने केली असेल असं मला वाटत नाही, आणि अंक काढणारे कित्येक जण पदरचे पैसे घालतात हे मला दिसतं. कागद महाग, जाहिराती कमी, स्टॉलवाल्यांकडून विक्रीचे पैसे पुढच्या दिवाळीपर्यंत येत नाहीत, म्हणजे तुम्हीही कुणाच्या तरी दारात कावळाच आहात. कळतं मला. पण 'मानधन' ह्या शब्दाचा तुम्ही जो उपयोग करता ना त्याच्यावर माझा आक्षेप आहे. मान आणि धन असे दोन शब्द आहेत त्यात, मान तुम्ही दोन अंक आणि एका फोनवर देऊन टाकता, धनाचा विषय काढला की माणूस एकदम व्यवहारी ठरतो. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." माझ्याकडून चित्रांची अपेक्षा होती ती मी ऑगस्टमध्ये पुरी केली, नवरात्राच्या आधी.

आणि ह्याच धंद्यात एक संपादक आहेत, छोटासा अंक, उपनगरातून निघतो. त्यांचा पहिला फोन आला तेव्हा म्हणाले, ताई, पंधराशेच्या वर जमणार नाही आणि ते १० डिसेंबरला देईन कारण एका जाहिरातीचे पैसे मला ८ ला येतात, बघा जमतंय का. १० डिसेंबरला दुपारी पैसे आले. पुढच्या वर्षी परत १० डिसेंबर. पंधराशे म्हणजे चेष्टाच आहे हो, पण त्यांचं चित्र मी सगळ्यात आधी हातात घेते आणि मन लावून काढते, का ते मला नीट सांगता येत नाही. बहुतेक त्या ८ तारखेमुळे. स्वतःचे पैसे कधी येणार ते सांगून टाकणारा माणूस मला तेवढा एकच भेटलाय.

एक नाही, दोन. दुसरे मार्केट यार्डातले.

तीन वर्षांपूर्वी एका ओळखीतून भुसार बाजारातल्या एका व्यापाऱ्यांनी बोलावलं, त्यांना पशुखाद्याच्या पोत्यावर बैल हवा होता. माझ्या डोक्यात आपलं, पोतं, बैल, ह्याच्यासाठी आर्टला गेले का. गुलटेकडीला त्यांच्या पेढीवर बसले, मी अठरा हजार सांगितले, ते म्हणाले आठ. मग अर्धा तास घासाघीस, चहा, परत घासाघीस, मधेच त्यांनी मला बैल म्हणजे काय ह्याच्यावर ऐकवलं, वशिंड कसं असतं, खिल्लारचं शिंग कसं मागे जातं, तुम्ही शहरातले लोक गायीला शिंगं लावून बैल म्हणता. चिडले मी. बारा हजारावर तुटलं. आणि मी बशीतला उरलेला चहा पीत असतानाच फोन वाजला, सहा हजार आले. म्हणाले उरलेले फाइल दिली की त्याच वेळी, तुम्ही इथे बसा, मुलगा फाइल उघडून बघेल, पैसे येतील, मग उठा. तसंच झालं. चित्र छान आहे वगैरे एक शब्द बोलले नाहीत, शिंग बरोबर आहे म्हणाले.

तो बैल माझ्या सगळ्या कामातलं उत्तम काम आहे असं मला आज वाटतं. चार दिवस दुसरं काही डोक्यातच नव्हतं, पैसे कधी येतील हा प्रश्नच नव्हता ना. परवा आम्ही पानशेत रोडला गेलो होतो, भाताची लावणी चालली होती, पावसात एक बाई त्याच पोत्याची खोळ करून डोक्यावर घेऊन वाकलेली, तिच्या पाठीवर माझा बैल, ओला, नीट डोळे उघडे. नवऱ्याला गाडी थांबवायला लावली. तो म्हणाला फोटो काढ, पण त्या बाईंचा फोटो न विचारता कसा काढायचा, मग बघितला नुसता.

पोटासाठी केलेलं काम हलकं आणि मनासाठी केलेलं भारी असं जे काही बोललं जातं ते मला ह्याच्यानंतर खरं वाटेनासं झालंय. मळवली स्टेशनवर उतरून आम्ही कॉलेजात असताना भाज्याच्या लेण्यांना स्केचिंगला जायचो, तेव्हा सरांनी सांगितलं होतं की राजा रविवर्म्यांचा छापखाना इथे होता. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला हलवला. घरोघरच्या भिंतीवरची लक्ष्मी छापून बाहेर पडायची ती तिथून. आणि छापखाना कर्जात गेला, शेवटी त्यांच्याकडे कामाला आलेल्या जर्मन तंत्रज्ञाला, श्लायशर त्यांचं नाव, विकावा लागला. विसाव्या वर्षी मला ही गोष्ट फार रोमँटिक वाटली होती. आता वाटतं, देशभर लक्ष्मी पोचवली, स्वतःच्या गल्ल्यात आली नाही, ह्यात रोमँटिक काय आहे.

बाणेरच्या स्टार्टअपचं राहिलं. त्यांच्या ॲपसाठी मी बावीस छोटी चित्रं काढली होती मार्चमध्ये. काम देताना घाई अशी की रविवारी रात्री अकराला कॉल. फाइल गेल्यावर मात्र व्हेंडर ऑनबोर्डिंगचा फॉर्म आला, पॅन, कॅन्सल चेक, जीएसटी नंबर, तो माझ्याकडे नाही कारण माझी उलाढाल वीस लाखाच्या जवळपासही जात नाही, मग नसल्याचं डिक्लेरेशन, मग तेच डिक्लेरेशन लेटरहेडवर. लेटरहेड मीच डिझाइन केलं त्याच्यासाठी, फुकट, स्वतःला. मग कळलं की पैसे ६० दिवसांनी. साठ झाले, ऐंशी झाले. ऑफिसात त्यांच्या बीन बॅग आहेत, कॉफीचं मशीन आहे, भिंतीवर 'पीपल फर्स्ट' असं लिहिलंय, ज्याने लिहिलंय त्याचे पैसे मिळाले का ते माहीत नाही. अक्षरं बरी होती.

नवऱ्याला वेळच वेळ होता, त्याने बसून कायदा वाचून काढला. तुम्हीही ऐकून ठेवा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा आहे. माझी उद्यम नोंदणी आहे, ती फुकट होते, ऑनलाइन, म्हणजे कायद्याने हे इस्त्रीच्या कपड्यांशेजारचं टेबल एक सूक्ष्म उद्योग आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे करारात काहीही लिहा, काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे थांबवता येत नाहीत, लेखी करारच नसेल तर १५ दिवस. उशीर केला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज आणि तेही दर महिन्याला चक्रवाढ, जुलै २०२५ च्या रेटने ते सतरा टक्क्यांच्या वर जात होतं. शिवाय प्राप्तिकराच्या कायद्यातही एक तरतूद आहे, २०२३-२४ च्या वर्षापासून लागू झालेली, त्याच्यामुळे मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजाच मिळत नाही, ज्या वर्षी द्याल त्या वर्षी मिळतो. हे तुमच्या सीएला विचारा, त्यांना माहीत असतं, ते तुम्हाला मार्चमध्ये सांगतात आणि तुम्ही मला जूनमध्ये मार्च एंड सांगता.

३ जुलैला मी मेल टाकला. स्माइली नाही. कलम १५, कलम १६, थकलेल्या बिलांच्या तक्रारीसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलचं नाव, बिलाची तारीख, बास. ९ जुलैला पैसे आले, छत्तीस हजार, चार हजार टीडीएस कापून. आता ते चार हजार पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर रिफंडमध्ये येतील, म्हणजे सरकारसुद्धा मला नंतर बघू म्हणतंय. आणि त्या स्टार्टअपमधून पुन्हा फोन आला नाही, येणारही नाही. कायदा एका गिऱ्हाइकावर एकदाच चालतो, काडेपेटीतल्या काडीसारखा. म्हणून तर हे पत्र लिहितेय, सगळ्यांना एकेक काडी लावून माझं घर चालणार नाही.

पण ९ च्या आधी ५ होती. ती कशी गेली ते ऐका. आमच्या सोसायटीत बारा जणींची भिशी आहे, महिन्याला दोन हजार, दर ४ तारखेला, चिठ्ठी निघते तिला चोवीस हजार. सहा वर्षं चाललीय. जुलैची चिठ्ठी बी विंगमधल्या एकीची निघाली. मी जिन्यात तिला हळूच विचारलं, बदलून देतेस का. तिने कशाला असं विचारलं नाही, पैसे माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली तुझी निघेल तेव्हा मला दे, आणि वर विचारलं की कोथिंबीर आहे का घरात. ह्या भिशीला पीओ म्हणजे कामाची लेखी ऑर्डर नाही, पोर्टल नाही, साठ दिवसांनी पैसे देणारं नेट ६० नाही, एक जुनी वही आहे शाळेची, मागच्या पानांवर कुणाच्या तरी मुलाचे पाढे आहेत. आणि सहा वर्षांत ४ ची ५ झाली नाही. एकीच्या सासूबाई ३ तारखेला गेल्या, त्या घरात रडारड चालू होती, आणि ४ ला संध्याकाळी तिचा मुलगा पाकिटात दोन हजार घेऊन दारात उभा. आम्हालाच कसंतरी झालं. अहो, बारा बायका. त्यातल्या चौघींचं बँकेतलं खातंसुद्धा नवऱ्याने उघडून दिलेलं. आणि तुमच्याकडे अख्खं फायनान्स डिपार्टमेंट.

धायरी फाट्यावर भाजीवाल्या मावशी आहेत, त्या तर पुढच्या. कोथिंबीर पिशवीत टाकतात पण पिशवी सोडत नाहीत, तो डबा 'पंधरा रुपये प्राप्त झाले' असं ओरडेपर्यंत. रेंज नसली तर आपण दोघी एकेक बंद धरून उभ्या. मला आधी राग यायचा, विश्वास नाही का म्हणून. आता मी बघत राहते, चौदा वर्षांत मला ते पिशवी धरून ठेवणं जमलं नाही, मी आपली फाइल पाठवून मोकळी होते, वर हाय रिझोल्युशनमध्ये.

एआयचं टाळणार होते पण तुम्ही टाळू देत नाही. जूनमध्ये पालख्या पुण्यात आल्या तेव्हा एकांनी मला कंप्युटरने काढलेलं वारकऱ्याचं चित्र पाठवलं. डाव्या हाताला सहा बोटं, वीणेला तारा नाहीत, तुळशी वृंदावन बर्थडे केकसारखं, आणि पताका कुठल्यातरी राजकीय पक्षाची वाटावी अशी. खाली मेसेज, फक्त बोटं दुरुस्त करायची आहेत, पाचशे देतो. मी विचारलं, कधी देता. उत्तर आलं नाही, सहा बोटांचा वारकरी पुढे तीन ग्रुपवर मला फिरत आला. चित्रं यंत्राने काढली तर काढा, मी तक्रार करून ते थांबणार नाही, पण एक गोष्ट लक्षात घ्या, त्या ॲपचे पैसे तुम्ही दर महिन्याला ज्या दिवशी कापले जातात त्या दिवशी देता, कार्डावरून, न चुकता. त्याला आठवण करत राहा म्हणत नाही.

आता माझंही सांगते, नाहीतर म्हणाल हिचं सगळं बरोबर. मी पण उशीर करते. त्या कावळ्याचं पान मी पाच दिवस उशिरा दिलं. मुखपृष्ठांना मी उशीर केलाय, एका लग्नपत्रिकेच्या वेळी तर मुलीचे वडील घरी येऊन बसले होते. चित्रकार वेळेवर देत नाहीत ही तुमची तक्रार खरीच आहे आणि त्यामुळे तुमचेही पैसे अडतात, छपाई अडते, हे मान्य. पण उशीर होणार असला की मी आदल्या दिवशी फोन करते आणि नवीन तारीख सांगते, आणि ती दुसरी तारीख मी आजवर चुकवलेली नाही, म्हणजे एकदा चुकवलीय, ते वडील वेगळे.

तर गणपती तोंडावर आलेत, तुमचे फोन सुरू झालेत, मंडळाचा अहवाल, देखाव्याचा फ्लेक्स, मग दिवाळी अंक, मग कॅलेंडरं. येऊ देत. भाव करा, मार्केट यार्डासारखा करा, मला आता राग येत नाही. माझं म्हणणं एवढंच की काम सांगताना रकमेबरोबर तारीख सांगा, पुढच्या आठवड्यात बघू असं नको, कॅलेंडरवर बोट ठेवता येईल अशी, आणि त्या दिवशी कुणाला फोन करायचा त्या माणसाचं नाव, आणि जमत नसेल तर दोन दिवस आधी तुम्ही मला कळवा, मी तुम्हाला नाही. उशिराची तारीख असली तरी चालेल. तीन महिन्यांनी म्हणालात तर मी तीन महिन्यांनी धरेन, भिशीवाल्यांना तसं सांगेन, हप्त्याचं तसं बघेन आणि मधल्या काळात तुमचं चित्र काढेन. ह्या गणपतीपासून निम्मे पैसे आधी आल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही असंही मी ठरवलंय. हे ठरवताना हात थरथरला हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती पण लिहून गेलं.

नवऱ्याचे दोन इंटरव्ह्यू झालेत, तिसरा सोमवारी आहे. तिथेही "कळवतो" म्हणालेत, कधी ते नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
धायरीची एक व्हेंडर

ता. क. कॅलेंडरवाले आणि दिवाळी अंकवाले, तुमची दोन्ही बिलं ह्या पत्राबरोबर पुन्हा पाठवली आहेत, ही अनुक्रमे सहावी आणि नववी वेळ. अटॅचमेंट उघडत नसेल तर सांगा, मी प्रिंट काढून आणून देते. पावसाळा आहे, येताना भिजलेली असेन, दार तेवढं उघडा.